मिक्सर चालू असेपर्यंत

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. ते साचतात. मी गेली सव्वीस वर्षं रोज एक पान डायरी लिहितो. सकाळी किती वाजता निघालो, डब्यात काय होतं, कोण काय म्हणालं. हे मला कुणी शिकवलं नाही, आणि कुणी वाचावं अशीही अपेक्षा नाही. वर्ष संपलं की शेवटच्या पानावर माणसांच्या नावांची यादी करतो आणि पुढे पानांचे आकडे टाकतो. गेली काही वर्षं त्या यादीत एकाच नावापुढचे आकडे दोन-तीन ओळींत मावेनात. शेवटी मी त्याची वेगळी वही केली. वहीवर लिहिलं, ‘बेहरूज’.

बेहरूज इराणचा, तेहरानचा. सिंगापुरात हार्बरफ्रंटला आमचं छोटं ऑफिस आहे. जहाजांवर चढणाऱ्या मालाची कागदपत्रं आम्ही तपासतो. खिडकीतून फेरी टर्मिनल दिसतं. त्याचं टेबल माझ्या टेबलाला चिकटून आहे. एकाने तपासलेला कागद दुसऱ्याने पुन्हा बघायचा, असा नियम आहे. त्यामुळे दिवसातून तीसेक वेळा आम्ही एकमेकांच्या चुका काढतो. एवढ्यावर मैत्री व्हायला अडचण नसते.

*

पहिलाच किस्सा त्याच्या जन्माचा.

तो नवीन आला तेव्हा ऑफिसच्या नोंदणीसाठी त्याने जन्मदाखल्याचं भाषांतर दिलं. भाषांतर करणाऱ्याने जे दिसलं ते इमानदारीत उतरवलं होतं. जन्मवर्ष : २५३५.

आमचे साहेब, मिस्टर टॅन, कागद घेऊन माझ्याकडे आले. त्यांना वाटलं टायपिंगची चूक असेल. मी मूळ दाखला मागवला, फारसी अंकांचा तक्ता शोधला, एकेक आकडा ताडून पाहिला. २५३५च होतं.

बेहरूजने शांतपणे समजावलं. तो जन्मला त्या सुमारास इराणच्या शहाने देशाचं कॅलेंडर बदललं होतं. प्राचीन सम्राटापासून वर्षं मोजायची असं ठरलं आणि लोक एका रात्रीत हजाराहून जास्त वर्षं पुढे गेले. दोन-तीन वर्षांत ते कॅलेंडर मागे घेतलं. पाठोपाठ क्रांती झाली, शहाच गेला. पण मधल्या काळात जी मुलं जन्मली, त्यांच्या जुन्या दाखल्यांवर ते वर्ष राहिलं.

मिस्टर टॅननी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे याच्या रिटायरमेंटला अजून पाचशेच्या वर वर्षं आहेत. गुड. नोकरीवर ठेवा.”

दुपारी जेवताना मी त्याला विचारलं, बाकी काय काय मागे घेतलं? माझा प्रश्न गमतीचा होता. त्याने मात्र चमचा खाली ठेवला.

त्याची आई तेहरानच्या रेडिओवर गायची. एकटी, वाद्यवृंदाबरोबर. क्रांतीनंतर बाईने पुरुषांसमोर एकटीने गाणं बंद झालं. समूहात, इतर आवाजांत मिसळून चालायचं. एकटीचा आवाज नाही. तेव्हा बेहरूज तीन वर्षांचा. घरात तिच्या गाण्याची एक कॅसेट होती. वडील सरकारी कचेरीत होते, घाबरले. त्यांनी कॅसेट फेकली नाही, तिच्यावर इंग्रजीचे धडे टेप करून घेतले. धडे संपल्यावर अगदी शेवटी तीन-चार सेकंद आईचा आवाज उरला होता. बेहरूज म्हणाला, “माझं इंग्रजी चांगलं आहे ते त्यामुळे. त्या तीन सेकंदांसाठी मी सगळे धडे ऐकायचो.”

त्या दिवशीच्या पानावर मी एवढंच लिहिलं आहे : ‘बे. ला आईचं गाणं एकदा नीट ऐकायचं आहे. फक्त तिचा आवाज.’

*

या वर्षी जानेवारीत त्याची आई आली. महीन खानम. खानम म्हणजे आपल्याकडचं ‘बाई’. वय शहात्तर, पाठ ताठ, केस पांढरेशुभ्र. तीन महिने राहणार होत्या. मी आणि माझी बायको सुनीता त्यांना भेटायला बुकित तिमाहला बेहरूजच्या कॉन्डोवर गेलो.

भिंतीवर एक सुंदर घड्याळ होतं, लाकडात बारीक जडावाचं काम केलेलं. खानमनी ते तेहरानहून कपड्यांत गुंडाळून आणलं होतं. मी म्हणालो, फार छान आहे. खानम म्हणाल्या, “तुमचंच आहे, घेऊन जा.” बेहरूजने भाषांतर केलं.

मी म्हणालो, छे छे. त्या म्हणाल्या, नाही, न्यायलाच हवं. मी पुन्हा नको म्हणालो. त्या स्टुलावर चढून घड्याळ काढायला लागल्या. शहात्तर वर्षांची बाई स्टुलावर! आता आणखी नाही म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान, असं मला वाटलं. घेतलं. यिशुनला आमच्या घरापर्यंत एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, मांडीवर घेऊन बसलो. घरी आल्यावर मुलगी रेवाने एकदा घड्याळाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “पप्पा, यू टुक देअर क्लॉक? गिव्ह बॅक लाह.”

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात बेहरूजला स्पष्टच विचारलं. तो खूप वेळ मान खाली घालून हसत होता. मग त्याने तारोफ समजावलं. हा इराणी शिष्टाचार. पाहुण्याने वस्तूची तारीफ केली की ‘तुमचीच आहे’ म्हणायचं. पाहुण्याने नको म्हणायचं. पहिल्या दोन वेळा म्हटलेलं काहीच धरायचं नाही. तिसऱ्यांदा जे म्हणतात ते खरं.

“म्हणजे मी तिसऱ्यांदा नाही म्हणायला हवं होतं?”

“आगा शिंदे, एक नाही कमी पडलं.” आगा म्हणजे त्यांच्याकडचं ‘साहेब’.

मी ते वहीत लिहून ठेवलं आणि पुढच्या दिवशी घड्याळ परत द्यायला पिशवीतून ऑफिसात आणलं. मिस्टर टॅननी पिशवीत डोकावून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकले. चिनी लोकांत घड्याळ भेट देणं फार अशुभ मानतात. “कुणाला देतोयस?” त्यांनी विचारलं. मी बेहरूजकडे बोट दाखवलं. “त्याने तुझं काय वाईट केलं?”

आता परत देण्यातही तारोफ आलंच. बेहरूज नको म्हणाला, मी घ्या म्हणालो, तो नको म्हणाला. आम्ही दोघंही मोजत होतो आणि कितवी वेळ यावरून आमचं एकमत होईना. शेवटी त्यानेच मार्ग काढला. मी खानमकडे जाऊन सांगितलं की घड्याळ जरा मागे पडतंय, दुरुस्त होईपर्यंत तुमच्याकडे ठेवाल का? त्यांनी आनंदाने भिंतीवर लावलं.

ते अजून दुरुस्तीलाच आहे. वेळ अगदी बरोबर दाखवतं.

*

फेब्रुवारीतली एक संध्याकाळ. खानम आणि बेहरूज आमच्याकडे चहाला आले होते. सिंगापुरात वर्षातून एक-दोनदा बेटभर भोंगे वाजवून पाहतात, संकटकाळी चालतील की नाही ते. तो दिवस मी डायरीत आधीच लिहून ठेवला होता, पण पाहुण्यांना सांगायचं राहिलं.

भोंगा वाजला. आम्ही चहा पीत बसलो. खानम उठल्या. घाई नाही, घाबरणं नाही. त्यांनी चहाचा थर्मास उचलला, साखरेचा डबा उचलला, पासपोर्ट असलेली पर्स खांद्याला लावली आणि थेट आमच्या शेल्टरमध्ये जाऊन बसल्या. इथल्या नव्या फ्लॅट्सना जाड भिंतीची, लोखंडी दाराची एक खोली देतात, बॉम्ब पडला तर आत बसायला. सगळे तिचा अडगळीसाठी वापर करतात. आमच्या खोलीत गणपतीचं मखर, चार सुटकेसेस आणि तांदळाचं पोतं होतं. ही खोली कुठे आहे, हे आम्ही त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी घरात पाऊल टाकल्याबरोबर हेरून ठेवलं असणार.

त्या पोत्यावर बसल्या आणि आम्हाला हाताने आत बोलावलं. बेहरूज उठून गेला. लहानपणी इराकच्या युद्धात तेहरानवर क्षेपणास्त्रं पडायची, तेव्हा माय-लेक असेच तळघरात बसायचे. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारलेल्या असायच्या.

रेवा दारात उभी राहून म्हणाली, “आजी, इट्स ओन्ली अ टेस्ट लाह.”

बेहरूजने भाषांतर केलं. खानमनी कपात चहा ओतला, तिच्यापुढे धरला आणि काहीतरी म्हणाल्या. बेहरूजने तेही भाषांतर करून सांगितलं.

“आमच्याकडेही पहिल्या दिवशी हेच म्हणाले होते.”

दुसऱ्या दिवशी मी मखर माळ्यावर टाकलं.

*

मार्चमध्ये त्यांचं नवीन वर्ष. त्यासाठी ताटलीत गहू रुजवतात. खानमनी आमच्याकडेही एक ताटली पाठवली. सुनीता बघतच राहिली. “अहो, हे तर आपले घट!” नवरात्रात आपण धान्य पेरतो अगदी तसंच. फक्त आपण दसऱ्याला ते टोपीत, केसांत खोवतो. ते लोक तेराव्या दिवशी वाहत्या पाण्यात सोडतात.

आता यिशुनमध्ये वाहतं पाणी म्हणजे कालवा, आणि कालव्यात काही टाकलं तर दंड. मी संबंधित खात्याला रीतसर ईमेल पाठवला : एक ताटली गव्हाचे अंकुर, धार्मिक नाही, सांस्कृतिक. तेरावा दिवस उजाडला तरी उत्तर आलं नाही.

खानम सकाळीच आल्या होत्या. त्यांनी विचार केला, ताटली उचलली, स्वयंपाकघरात सिंकमध्ये ठेवली आणि नळ पूर्ण सोडला. वाहतं पाणी म्हणजे वाहतं पाणी. आम्ही बाहेर बसलो. पाच मिनिटं झाली, सात झाली, नळ चालूच. मी पाणी वाया घालवू शकत नाही, तो माझा स्वभाव आहे. बंद करायला उठलो तर बेहरूजने माझा हात धरला. त्याने ओठांवर बोट ठेवलं.

नळाच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता. बारीक, खोल. शब्द कळत नव्हते, चाल अर्धी ऐकू येत होती.

बेहरूज हळूच म्हणाला, “घरात ती अशीच गायची. वरच्या मजल्यावरचा माणूस तक्रार करणारा होता. म्हणून नळाखाली. हेअर ड्रायरखाली. खिमा करायच्या यंत्राखाली. माझ्या लहानपणातलं प्रत्येक गाणं कशात तरी मिसळलेलं आहे.”

मी नळाला हात लावला नाही. पण सुनीता कशासाठी तरी आत गेली आणि सवयीने तिने नळ बंद केला. त्याच क्षणी गाणंही बंद. खानमनी तिच्याकडे पाहून हसून अंकुर निथळले आणि त्यातली एक काडी तिच्या केसांत खोवली. ते आम्हीच त्यांना सांगितलं होतं.

खात्याचं उत्तर सोळाव्या दिवशी आलं. परवानगी नव्हती.

*

मधे एक हलका किस्सा सांगतो.

बेहरूजच्या लहानपणी तिकडे व्हिडिओला बंदी होती. सुटाबुटातला एक माणूस आठवड्यातून एकदा ब्रीफकेस घेऊन घरोघर जायचा. शेजाऱ्यांना वाटावं विम्याचा एजंट आहे. ब्रीफकेसमध्ये कॅसेट्स. त्यात हिंदी सिनेमे भरपूर, कारण त्यांत सगळे रडायचे आणि इराणी माणसाला सिनेमात रडायला आवडतं.

एकदा सिनेमा अगदी शेवटाला आला होता. हिरो गोदामात बांधलेला, म्हातारी आई बांधलेली, व्हिलन काडी पेटवतोय. आणि दारावर थाप पडली. तपासणी आली असं समजून वडिलांनी कॅसेट उपसली आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत टाकली. दार उघडलं तर शेजारच्या काकू. भिंतीतून रडण्याचा आवाज ऐकून सिनेमा बघायला आल्या होत्या.

चाळीस वर्षं त्या सिनेमाचा शेवट त्याला माहीत नव्हता. नावही आठवत नव्हतं. मी त्याला हिरोच्या शर्टाचा रंग, गाण्यातली बाग, गोदामातले खोके असं एकेक विचारून यादी केली आणि तीन रविवार शोधून सिनेमा काढला. आमच्या हॉलमध्ये लावला. हिरोने दोर तोडले, पंचवीस माणसांना एकट्याने लोळवलं, आईला सोडवलं आणि सगळं संपल्यावर पोलीस आले.

बेहरूज पडद्यावरची नावं संपेपर्यंत बघत राहिला. मला वाटलं भरून आलं असेल.

“माझा शेवट वेगळा होता,” तो म्हणाला. “माझ्या शेवटात पोलीस वेळेवर येतात. मी आठ वर्षांचा होतो आणि तेहरानमध्ये राहत होतो, तरी माझे पोलीस वेळेवर आले!”

*

एप्रिल अर्धा झाला. खानमच्या पासची मुदत संपत आली. आणि एकदा तेहरानला परतल्या की पुन्हा एवढा प्रवास करतीलसं बेहरूजला वाटत नव्हतं. त्यांचे गुडघे गेले होते आणि आवाजही हळूहळू जात होता. “पुढच्या वर्षी तीन सेकंदही उरणार नाहीत,” असं तो एकदा कागदावरची नजर न काढता म्हणाला.

मी ठरवलं की आपण विचारायचं. नियम मला पाठ होता. जेवायला बोलावलं, जेवण झालं, आणि मी म्हणालो, खानम, एक गाणं म्हणा. त्या हसून नको म्हणाल्या. एक. थोड्या वेळाने सुनीताने आग्रह केला. घसा बसलाय म्हणाल्या. दोन. मग मी उठून उभा राहिलो, छातीवर हात ठेवला, जसं बेहरूजने शिकवलं होतं, आणि तिसऱ्यांदा विनंती केली.

खानमनी माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. खिडकी उघडी होती, समोर दुसरी इमारत, शंभर खिडक्या. “नको, आगा शिंदे.”

मी चौथ्यांदा तोंड उघडलं तेवढ्यात बेहरूज म्हणाला, “बसा. हे तारोफ नाही. हे खरं ‘नको’ आहे.”

मी बसलो. ऑफिसात कागद चुकला तर दुरुस्ती करून पुन्हा देता येतो. इथे कुठे खाडाखोड करायची ते कळेना. जाताना खानमनी माझ्या गालाला हात लावला आणि आपणच माफी मागितली. तीनदा.

*

शेवटचा शनिवार. रविवारी सकाळचं विमान.

खानमना आमची शेंगदाण्याची चटणी फार आवडली होती. तेहरानला न्यायला सुनीता ताजी करून देणार होती. दाणे भाजून, पाखडून तयार होते, लसूण सोललेला होता, तो खानमनीच सोलला. त्या आणि सुनीता स्वयंपाकघरात. ही मराठीत बोलत होती, त्या फारसीत, आणि दोघींचं छान चाललं होतं. मी आणि बेहरूज बाहेर सुटकेसचं वजन करत होतो.

मिक्सर सुरू झाला. आमचा मिक्सर पुण्याहून आणलेला, अतिशय कर्कश. बेहरूजने हातातला वजनकाटा खाली ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला, आईला दिसणार नाही असा. मीही मागे गेलो.

खानम गात होत्या. दिसत होतं फक्त. ऐकू जवळजवळ काहीच येत नव्हतं. त्यांची पाठ आमच्याकडे होती आणि खांदे हलत होते.

ज्यांनी ही चटणी केली आहे त्यांना माहीत आहे. मिक्सर थांबत थांबत फिरवायचा, क्षणभर चालू, क्षणभर बंद. सलग फिरवला की दाण्यांना तेल सुटतं आणि चटणीचा गोळा होतो. सुनीताच्या हातून ही चटणी सव्वीस वर्षांत एकदाही बिघडलेली नाही. तिला त्याचा अभिमान आहे.

तिने बटण बंद केलं नाही. एक हात झाकणावर दाबून ती उभी राहिली. मिनिट झालं. भांड्याच्या आत दाणे उडायचे थांबले, आवाज जड झाला. तेल सुटलं होतं. मोटारीचा वास यायला लागला. सुनीताने एकदा दाराकडे पाहिलं, बेहरूजकडे, आणि पुन्हा झाकणाकडे. झाकणावरचा हात तिने काढला नाही.

खानमनी वळून भांड्यात पाहिलं. मग सुनीताकडे पाहिलं. मग सुनीताची नजर गेली होती तिकडे, दाराकडे. बेहरूज तिथून हलला नाही.

त्या गातच होत्या. गाता गाता त्यांनी हात लांब केला आणि मिक्सरचं बटण बंद केलं. गाणं बंद झालं नाही.

चटणीचा गोळाच झाला होता. सुनीता दुसरी करून देते म्हणाली. खानमनी तीन वेळा नको म्हटलं आणि तोच गोळा डब्यात भरून तेहरानला नेला.